आवाजाची बाकी

मुंबई-गोवा रस्त्यावर महाडजवळ नातेखिंड लागते. तेथून रायगडाकडे वळले की थोड्या वेळाने नाते हे गाव येते. चिंतामणराव देशमुखांचा जन्म या गावचा, तारीख १४ जानेवारी १८९६. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि आपणा शिक्षकांना अधिक जवळचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, अशी त्यांची ओळख आहे. 'मेघदूता'चा मराठी पद्यानुवादही त्यांनी केला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी ते वारले. त्याच्या आदल्याच दिवशी, १ ऑक्टोबर १९८२ रोजी, जपानमध्ये ध्वनीची एक नवी तबकडी विक्रीला आली होती. तिचे नाव कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजेच सी. डी. एक सी. डी. गेले आणि दुसरी आली, हा निव्वळ योगायोग. पण आम्हांला तो सोयीचा वाटतो. ध्वनिमुद्रणाचा जुना इतिहास या एका आयुष्यात जवळजवळ पूर्ण मावतो, आणि ज्या गोष्टीबद्दल आम्ही लिहिणार आहोत ती त्यानंतर सुरू होते.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका कॅसेटमुळे. नाते परिसरातल्या एका घरातली ही कॅसेट. मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाने कधीतरी सुट्टीत गावी आल्यावर आईच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. बरीच वर्षे कॅसेट पत्र्याच्या पेटीत होती. पुढे आमच्याकडे संगणक आला, तेव्हा घरच्या मंडळींनी ती आमच्याकडे दिली आणि आम्ही ती संगणकावर उतरवली. अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण तीनशे मेगाबाइटच्या वर गेले. जागा कमी होती. आम्ही त्याची सर्वांत लहान अशी एमपी३ फाईल केली, ती जेमतेम चौदा मेगाबाइटची झाली. शब्द ऐकू येत होते. मोठी फाईल पुसून टाकली आणि कॅसेट परत केली. जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचे पाणी महाडमध्ये शिरले, तेव्हा ही कॅसेट तिथल्या घरी होती. ती गेली. नंतर आम्ही जपलेली फाईल नातवंडांना ऐकवली, तर त्यांतली थोरली म्हणाली, "आजीचा आवाज आहे, पण जातं कुठंय?" खरेच, जात्याची घरघर जिथे असायला हवी तिथे बुडबुड्यांसारखा काहीतरी आवाज होता. दगडावर दगड घासल्याचा तो नव्हता.

चूक आमची होती. ती नेमकी काय होती हे समजून घेण्यासाठी आम्हांला थोडे मागे जावे लागले.

आवाज टिकवण्याच्या प्रत्येक युक्तीने काही ना काही टाकलेलेच आहे. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा, बर्लिनरची सपाट तबकडी १८८७ ची. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान व इतर गायिकांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या हवेच्या धक्क्याने सुईने मेणावर रेघ ओढायची. फार खालचे आणि फार वरचे स्वर त्या रेघेपर्यंत पोचतच नसत. शिवाय तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवायचा. म्हणजे निवड यंत्राने केली, आणि गवयानेही केली.

सगळे आवाज यंत्रापर्यंत गेलेही नाहीत. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी जुलैत मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. चार महिन्यांचे अंतर. डॉ. आंबेडकरांचे महाडचे शब्द आपल्यापर्यंत कागदावरून आले. त्यांचा आवाज आज आपण ऐकतो तो पुढच्या काळातला, उदाहरणार्थ १९५५ साली बीबीसीला दिलेल्या मुलाखतीतला. इतिहास शिकवताना हा फरक मुलांच्या लक्षात आणून द्यावा असे आम्हांला वाटते.

तबकडीनंतर फीत आली. घरोघरी ध्वनिमुद्रण करता येऊ लागले हा तिचा मोठा गुण. तिचा दोष आपणा सर्वांना ठाऊक आहे. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की चौथ्या-पाचव्या प्रतीत अक्षरे पुसट होतात आणि काळे ठिपके वाढतात. फितीचेही तेच. प्रत्येक प्रतीत थोडा आवाज जातो आणि थोडी सळसळ वाढते.

यातून वाट निघाली ती टेलिफोनच्या धंद्यात. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या अलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ साली सुचवले की आवाजाची लहर तारेतून पाठवण्याऐवजी ठराविक वेळाने तिची उंची मोजावी आणि ते आकडे पाठवावेत. लहर वाटेत बिघडते. आकडा मात्र वाचता आला तर पुरता वाचता येतो. फळ्यावरचे आकडे वर्गातल्या चाळीस मुलांनी नीट उतरवले तर चाळीसही वह्यांत तेच आकडे असतात. एकीची वही पाहून दुसरीने उतरवले तरी फरक पडत नाही.

किती वेळा मोजायचे? नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या कामातून उत्तर मिळते: ज्या सर्वांत मोठ्या कंपनसंख्येचा आवाज टिकवायचा तिच्या दुपटीहून अधिक वेळा. माणसाचा कान साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, तेव्हा सेकंदाला ४०,००० हून अधिक मोजण्या हव्यात. सी. डी.साठी ठरलेला आकडा आहे ४४,१००. हा असा विचित्र का? त्या वेळी एवढे आकडे साठवायला व्हिडिओ फितीशिवाय दुसरे साधन नव्हते, आणि चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन आकडे बसत. जपान-अमेरिकेच्या दूरदर्शन पद्धतीत वापरता येणाऱ्या ओळी २४५ आणि सेकंदाला ६० क्षेत्रे: ३ × २४५ × ६०. युरोपात (आणि आपल्याकडेही) सेकंदाला ५० क्षेत्रे, त्यांत वापरण्याजोग्या ओळी २९४: ३ × २९४ × ५०. दोन्ही गुणाकार करून पाहा. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे.

प्रत्येक आकडा १६ द्विमान अंकांचा, म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या. डावा आणि उजवा असे दोन प्रवाह. ४४,१०० × १६ × २ म्हणजे सेकंदाला १४,११,२०० अंक. मिनिटाला एक कोटी पाच लाख ८४ हजार बाइट. आमच्या अर्ध्या तासाच्या कॅसेटने तीनशे मेगाबाइट का खाल्ले, ते इथे कळते. १९९१ साली मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी आणलेल्या 'वेव्ह' फाईलमध्ये साधारणपणे हे आकडे जसेच्या तसे, एकापुढे एक लिहिलेले असतात.

एवढे आकडे परवडत नाहीत म्हणून ते कमी करायचे. इथे दोन रस्ते फुटतात.

पहिला रस्ता जर्मनीत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. १९९२ मध्ये त्याचे प्रमाण ठरले, आणि तोच आपला एमपी३. कानाच्या मर्यादेवर तो उभा आहे. शाळा सुटल्याची घंटा दणदणत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही. मग ती कुजबुज साठवायची कशाला? असे जे झाकले जाते ते टाकून द्यायचे, किंवा ओबडधोबड लिहायचे. सेकंदाला १,२८,००० अंक ठेवले तर मूळच्या अकराव्या हिश्श्यात काम होते. ही विद्या हुशारीची आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र टाकलेले पुन्हा मिळत नाही. आम्ही तर ६४,००० अंकच ठेवले होते, म्हणजे बाविसावा हिस्सा.

दुसरा रस्ता कमी प्रसिद्ध आहे. तो अंदाजाचा रस्ता. समजा, पावसाळ्यात आपण दर तासाला सावित्रीच्या पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये लिहीत आहोत: ४१०, ४१८, ४२७, ४३५, ४४१, ४४५, ४४७, ४४८. आता एक नियम करू. गेल्या तासात पाणी जेवढे चढले तेवढेच या तासात चढेल असा अंदाज धरायचा, आणि खऱ्या उंचीतून अंदाज वजा करून राहिलेली बाकी तेवढी लिहायची. पहिले दोन आकडे लिहावेच लागतील. तिसऱ्याचा अंदाज ४२६, खरा ४२७, बाकी १. चौथ्याचा अंदाज ४३६, खरा ४३५, बाकी उणे १. असे करत गेल्यास यादी होते: ४१०, ४१८, १, −१, −२, −२, −२, −१. तीन अंकी आकड्यांच्या जागी एकअंकी आकडे आले, आणि गेले काहीच नाही. नियम ज्याला ठाऊक आहे तो उलट हिशेब करून ४४८ पर्यंत बिनचूक पोचतो. मुलांकडून करून घ्या, एका तासिकेचे काम आहे.

आवाजाची लहर नदीसारखीच वागते. ती एकदम उडी मारत नाही, मागच्या काही आकड्यांवरून पुढच्याचा बराच अंदाज येतो. हा अंदाज उत्तम कसा करावा याचे गणित १९६० नंतरच्या दशकात दोन ठिकाणी झाले. जपानमध्ये इताकुरा आणि साइतो यांनी, आणि अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बिष्णु अटल व मॅनफ्रेड श्रोडर यांनी. अटल हे मूळचे कानपूरचे, १९३३ चा जन्म. अमेरिकेला जाण्यापूर्वी ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकले आणि शिकवतही होते. त्यांना एकाच तारेतून जास्त लोकांचे बोलणे पाठवायचे होते. म्हणून अंदाजाचा नियम नेमका पाठवायचा आणि बाकी ढोबळपणे पाठवायची, असा त्यांचा विचार. १९८५ मध्ये श्रोडर आणि अटल यांनी मांडलेल्या पद्धतीत तर एका ठरलेल्या कोशातून जुळतीशी बाकी निवडून तिचा क्रमांक पाठवला जातो. भ्रमणध्वनीवरचे बोलणे पुढे याच वाटेने गेले.

गणित तेच, पण बाकी एकही अंक न गमावता ठेवली तर? मग मूळ आवाज अक्षरशः परत मिळतो. प्रश्न उरतो तो लहान आकडे थोडक्यात लिहिण्याचा. याची रीत सॉलोमन गोलोम यांनी १९६६ मध्ये दाखवली, आणि अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील रॉबर्ट राइस यांनी १९७१ च्या सुमारास अवकाशयानांच्या चित्रांसाठी तिची सोपी आवृत्ती केली. आकड्याला ४ ने भागा. भागाकार जितका, तितकी शून्ये लिहून पुढे एक १ लिहा. मग उरलेला शेष दोन द्विमान अंकांत लिहा. ६ चा भागाकार १, शेष २, म्हणून ०११०. सोळा अंकांचे काम चार अंकांत झाले. ऋण आकड्यांसाठी आणखी एक छोटी युक्ती आहे, ती इथे सोडून देऊ. १९८६ साली व्हॉयेजर २ युरेनसजवळून गेले तेव्हा त्यानेही चित्रातल्या ठिपक्यांची पूर्ण किंमत न पाठवता शेजाऱ्याशी असलेला फरकच पाठवला होता.

या दोन धाग्यांची गाठ केंब्रिज विद्यापीठात टोनी रॉबिन्सन यांनी मारली. त्यांना बोलण्याच्या नमुन्यांचे मोठे संग्रह साठवायचे होते आणि संशोधनासाठी त्यातला एकही अंक बदलून चालणार नव्हता. त्यांच्या 'शॉर्टन' या कार्यक्रमाचा अहवाल १९९४ चा. मग जोश कोल्सन यांनी 'फ्लॅक' लिहिला, त्याची पहिली पक्की आवृत्ती जुलै २००१ मध्ये आली. ॲपल कंपनीने २००४ मध्ये आपली वेगळी पद्धत काढली आणि २०११ मध्ये तीही खुली केली. फ्लॅक मात्र सुरुवातीपासूनच सर्वांना मोफत आणि उघडा होता. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या मंडळाने त्याचे संपूर्ण वर्णन प्रसिद्ध केले. शाळेच्या कपाटासाठी आम्हांला हे महत्त्वाचे वाटते. पन्नास वर्षांनी एखादी कंपनी असेल-नसेल, पण फाईल कशी वाचायची हे लिहून ठेवलेले असेल तर कोणीतरी वाचू शकेल.

फ्लॅक आवाजाचे छोटे तुकडे करतो, बहुधा ४,०९६ आकड्यांचे, म्हणजे सेकंदाच्या अकराव्या भागाएवढे. प्रत्येक तुकड्यासाठी तो अंदाजाचा वेगळा नियम शोधतो. मागचे कमाल ३२ आकडे त्यासाठी पाहिले जातात. नियम आणि बाकी मिळून फाईल बहुधा मूळच्या निम्म्या ते सत्तर टक्क्यांपर्यंत येते. अकरावा हिस्सा इथे मिळत नाही. आणि ताळा आहे! आपण गुणाकाराचा नऊने ताळा करतो, पण त्यात ३६ च्या जागी ६३ लिहिले तरी चूक सापडत नाही. फ्लॅक फाईलच्या सुरुवातीला मूळ आकड्यांवरून काढलेला १२८ द्विमान अंकांचा ताळा लिहिलेला असतो. फाईल उघडून पुन्हा ताळा काढला आणि तो जुळला नाही तर कुठेतरी बिघाड आहे. असे पुसट झालेल्या कॅसेटला कधी सांगता आले नसते.

आता आमच्या जात्याकडे येऊ. बाईच्या गळ्यातून निघालेला लांब स्वर अंदाजाला सोपा. एका कंपनासारखेच पुढचे कंपन. दगडांची खरखर तशी नसते. तिचा पुढचा आकडा मागच्यांवरून सांगता येत नाही, म्हणून अंदाज चुकतो आणि बाकी मोठी राहते. त्यामुळे जाते चालू असताना फ्लॅकची फाईल कमी आकसते. एमपी३ ला मिळालेल्या थोड्या अंकांत ही खरखर लिहिणे जमत नाही, मग तो ती उडवतो किंवा बुडबुड्यांत बदलतो. दोन्ही रस्ते जात्याशीच अडखळतात. एक तिथे जास्त जागा मागतो, दुसरा जाते टाकून देतो.

जात्यावरच्या ओव्यांचे मोठे काम घाटावर झालेले आहे. पुण्यातील गी पॉइतवॅँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीसारख्या डोंगरी भागापासून सुरुवात करून हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. बर्नार्ड बेल या संगणक जाणणाऱ्या संगीत-अभ्यासकाने पुढे त्यांची सूची संगणकावर बसवली आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. सी. डी.च्या दर्जाने १२० तास म्हणजे सुमारे ७६ गिगाबाइट. १९९० च्या दशकात घरच्या संगणकांत इतकी जागा नसे. आज बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये ते सगळे राहील. आमची 'जागा नाही' ही सबब म्हणूनच फार काळ टिकणारी नव्हती. ती काही वर्षांची अडचण होती आणि आम्ही तिच्यासाठी कायमचे टाकून बसलो.

पुराच्या दुसऱ्या वर्षी पोलादपूरकडच्या एका ओळखीच्या घरातून अशीच एक कॅसेट हाती लागली. या वेळी रीत बदलली. टेपरेकॉर्डरची तार संगणकाला जोडली, 'ऑडॅसिटी' हा मोफत कार्यक्रम उघडला. आवाजाची पातळी जरा खालीच ठेवली, कारण लहर वरच्या पायरीला आपटून कापली गेली तर तोही तोटाच आणि तो कुठलाही फ्लॅक भरून काढत नाही. आधी वेव्ह, मग फ्लॅक, मग ताळा. दोन प्रती दोन घरांत. एक नदीपासून लांब. वाजवायला अडचण येत नाही. व्हीएलसी सगळीकडे चालतो, विंडोज १० पासून संगणकातला नेहमीचा वादकही फ्लॅक घेतो. कोणाला फोनवर हवे असेल त्याला त्यातून एमपी३ करून देतो. ऐकायला तो पुरतो.

मधल्या काळात आम्ही आणखी एक वेडेपणा करून पाहिला, तो सांगितला पाहिजे, कारण अनेक जण करतात. जुन्या एमपी३ ची फ्लॅक फाईल केली. आकार कितीतरी पटींनी वाढला, आवाज होता तसाच राहिला. पुसलेली वही कोऱ्या जाड कागदावर उतरवली, एवढेच झाले. फ्लॅक समोर आलेले आकडे चोख जपतो, ते आधी कुठून आले हे त्याला माहीत नसते. कॅसेटची सळसळही तो तितक्याच निष्ठेने जपतो.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग आहे. ऑडॅसिटीत मूळ ध्वनी एका पट्टीवर ठेवावा. दुसऱ्या पट्टीवर त्याचीच फ्लॅक प्रत घेऊन ती 'इन्व्हर्ट' म्हणजे उलटी करावी, आणि दोन्ही एकत्र वाजवाव्यात. धन आणि ऋण मिळून शून्य होते. काहीच ऐकू येत नाही. मग फ्लॅकच्या जागी एमपी३ घ्यावी. एमपी३ करताना सुरुवातीला क्षणभराची शांतता वाढते, ती कापून पट्ट्या नीट जुळवाव्यात. आता जे ऐकू येते ती बाकी, एमपी३ ने टाकलेली. आम्ही पोलादपूरच्या कॅसेटवर हे केले तेव्हा नाते परिसरातली ती थोरली नातही शेजारी बसली होती. ओव्यांचा स्वर जवळजवळ गेला, शब्द कळेनात. उरली ती दगडाची खरखर, एका लयीत, मूठ फिरेल तशी कमी-जास्त होणारी. तिने ती दोनदा लावायला सांगितली.